शेवटच्या खरेदीदाराचा हक्क : स्पर्धा कायदा आणि नुकसानभरपाई

एखाद्या वस्तूचे उत्पादक एकमेकांशी स्पर्धा करण्याऐवजी आपसांत भाव ठरवून घेतात किंवा माल कमी काढून टंचाई निर्माण करतात, तेव्हा त्या संगनमताला स्पर्धा कायद्याच्या परिभाषेत कार्टेल म्हणतात. असे कार्टेल उघडकीस आले की कायद्यापुढे दोन निरनिराळे प्रश्न उभे राहतात. पहिला शिक्षेचा, म्हणजे दोषी कंपन्यांना किती दंड करावा हा. आणि दुसरा भरपाईचा, म्हणजे त्या काळात ज्यांनी जादा भाव मोजला त्यांचे पैसे त्यांना कोणत्या मार्गाने परत मिळावेत हा. भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये पहिल्या प्रश्नाची तजवीज सविस्तर आहे. भारतीय स्पर्धा आयोग चौकशी करतो, दंड ठोठावतो, आणि कलम ४७ प्रमाणे ती रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. जादा भाव देणाऱ्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. त्याच्यासाठी कलम ५३ एन हे वेगळे कलम आहे. त्या कलमाखाली अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, परंतु तिथवर पोचलेले अर्ज आजवर बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. युरोपात याच दुसऱ्या प्रश्नावर गेल्या पाव शतकात न्यायनिर्णय, कायदे आणि विद्यापीठीय संशोधन यांचा मोठा साठा तयार झाला असून त्याला खासगी अंमलबजावणीचा अभ्यास असे नाव आहे. ‘खासगी’ याचा अर्थ इथे एवढाच की कायद्याची अंमलबजावणी सरकारी यंत्रणेऐवजी नुकसान सोसणारी व्यक्ती स्वतः न्यायालयात जाऊन करते. या अभ्यासाची मराठी वाचकाला ओळख करून देताना तो ब्रुसेल्स किंवा लंडनच्या बाजूने न मांडता रायगड जिल्ह्यातल्या ठाकुरवाडीच्या बाजूने मांडणे अधिक उचित आहे, कारण भावाच्या साखळीचे शेवटचे टोक तिथेच सापडते.

रायगड जिल्ह्याच्या घाटपायथ्याला असलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नाही. ठाकूर या आदिवासी समाजाच्या अनेक वस्त्या त्याच नावाने ओळखल्या जातात आणि डोंगराच्या सोंडेवर किंवा ओढ्याच्या काठाला वसलेल्या या वाड्यांमधले जुने घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप दिला की भिंत तयार होते, तिला लागणारे लाकूड, गवत आणि माती आसपासच्याच रानातून व शेतातून येते, आणि मेहनत घरच्यांची व शेजाऱ्यांची असते. अशा घराला कष्ट पडतात, तरी त्याचा भाव कोणा दूरच्या कंपनीच्या बैठकीत ठरू शकत नाही. घरकुल योजनेतून विटा-सिमेंटचे घर उभे राहू लागल्यावर ही स्थिती पालटली. सिमेंटची गोणी ही या घरातली अशी वस्तू आहे की जिचा भाव वाडीत, कर्जतच्या किंवा खोपोलीच्या दुकानात, किंबहुना जिल्ह्यातही ठरत नाही. महाराष्ट्रातले सिमेंट मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यातल्या चुनखडीवर तयार होते, बाकीचे शेजारच्या राज्यांतून येते, आणि कारखान्यातून निघालेली गोणी वितरक, तालुक्याचा दुकानदार आणि टेम्पोवाला असे हात बदलत वाडीच्या पायथ्याशी पोचते. पक्के घर मिळाल्याबरोबर हे कुटुंब देशाच्या एका मोठ्या आणि मोजक्या कंपन्यांच्या हाती असलेल्या बाजारपेठेत ओढले गेले, ही बाब घरकुलांवरच्या लेखनात फारशी नोंदली जात नाही.

याच बाजारपेठेबद्दल भारतातला सर्वांत गाजलेला कार्टेल-खटला झाला. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने २०१० मध्ये आयोगाकडे तक्रार केली, आणि २० जून २०१२ रोजी आयोगाने ११ सिमेंट कंपन्या व त्यांची संघटना यांना मिळून ६,३०० कोटी रुपयांहून अधिक दंड केला. संघटनेच्या माध्यमातून भावांची आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना पुरवून कंपन्यांनी क्षमता असूनही उत्पादन आखडते ठेवले आणि भाव चढे राखले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ११ डिसेंबर २०१५ रोजी अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला, कारण ज्या अध्यक्षांची आदेशावर सही होती ते सुनावणीला हजर नव्हते आणि त्यामुळे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचा भंग झाला होता. आयोगाने फेरसुनावणी घेऊन ३१ ऑगस्ट २०१६ रोजी पुन्हा सुमारे ६,७०० कोटींचा दंड लावला, २५ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची अपिले दाखल करून घेतली. म्हणून दोषाचा निष्कर्ष अंतिम मानून चालत नाही आणि इथेही तसे मानलेले नाही. तरीही तक्रारदार कोण होते, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. तक्रार बांधकाम व्यावसायिकांनी केली, म्हणजे ज्यांच्याकडे वकील, संघटना आणि खरेदीची बिले होती अशा मोठ्या ग्राहकांनी केली. एकेक गोणी विकत घेणारा माणूस त्या सर्व कागदपत्रांत कुठेही पक्षकार नाही.

त्याच्या नुकसानीचा अंदाज उदाहरणानेच करता येतो. आयोगाचा निष्कर्ष मे २००९ नंतरच्या काळाबद्दलचा होता. त्या वेळी इंदिरा आवास योजनेतून सपाट प्रदेशातल्या घराला ३५ हजार रुपये, आणि १ एप्रिल २०१० पासून ४५ हजार रुपये मिळत असत. समजा, एका लहान घराला ६० गोण्या लागल्या आणि संगनमतामुळे गोणीमागे २० रुपये जादा गेले, तर त्या कुटुंबाचे १,२०० रुपये गेले. हे आकडे केवळ गृहीत धरलेले आहेत, परंतु जानेवारी २०११ पासून महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १२७ रुपये होती हे लक्षात घेतले, तर ती रक्कम साडेनऊ दिवसांच्या मजुरीइतकी भरते. कंपनीच्या ताळेबंदात दिसणारही नाही आणि न्यायालयात जाण्याच्या खर्चापुढे टिकणारही नाही, पण घरात मात्र जाणवते, अशी ही रक्कम आहे. भरपाईच्या कायद्याचा सगळा अवघडपणा या मधल्या जागेत आहे, आणि युरोपीय संशोधनाने सर्वाधिक विचार केला आहे तोही याच जागेचा.

युरोपीय आर्थिक समुदायाची स्थापना करणाऱ्या १९५७ च्या रोम करारातच संगनमत आणि बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर यांना मनाई होती. आज ती मनाई युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयक कराराच्या १०१ आणि १०२ या अनुच्छेदांत आहे. मात्र ती मोडली गेल्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागता येते की नाही, याबद्दल करारात एक शब्दही नव्हता, आणि चार दशके अंमलबजावणी जवळजवळ सर्वस्वी सरकारी यंत्रणेच्या हाती राहिली. हे चित्र बदलणारा दावा लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्टेन्स गावातल्या एका मद्यगृहचालकाच्या थकबाकीतून निघाला. बर्नार्ड क्रेहन यांना भाडेकराराप्रमाणे करेज या कंपनीचीच बिअर घ्यावी लागे, तीच बिअर असे बंधन नसलेल्या मद्यगृहचालकांना स्वस्त मिळे, आणि कंपनीने बिलाच्या वसुलीसाठी दावा लावल्यावर त्यांनी उलट दावा केला की हा करारच स्पर्धा कायद्याविरुद्ध असून त्यामुळे आपला धंदा बुडाला. २० सप्टेंबर २००१ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले की स्पर्धेच्या नियमांच्या भंगामुळे ज्या कोणा व्यक्तीचे नुकसान झाले, तिला भरपाई मागता आली पाहिजे, मग ती त्या करारातली पक्षकार असली तरीही. या विषयावरचे युरोपातले पुढचे सारे लेखन या निर्णयावर उभे आहे. त्याचा उत्तरार्ध तितकाच बोलका आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये क्रेहन यांना १,३१,३३६ पौंड मंजूर केले, आणि २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने तो निर्णय फिरवल्याने ज्यांच्यामुळे हक्क प्रस्थापित झाला त्यांच्या हाती काहीच पडले नाही. हक्क मान्य होणे आणि भरपाई हाती येणे यांतले अंतर अभ्यासकांना तेव्हापासून अस्वस्थ करीत आले आहे.

त्याच वर्षी, १३ जुलै २००६ रोजी, मानफ्रेदी प्रकरणाचा निर्णय लागला आणि ठाकुरवाडीच्या दृष्टीने तो क्रेहन यांच्या दाव्याहूनही महत्त्वाचा आहे. इटलीतल्या विमा कंपन्यांनी आपसांत माहितीची देवाणघेवाण करून वाहनविम्याचे हप्ते चढवले होते, हे तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने ठरवल्यावर सामान्य वाहनधारकांनी जादा हप्त्याची रक्कम परत मागितली. हे दावे त्यांनी दक्षिण इटलीतल्या बितोंतो या लहान शहरातल्या शांतता-न्यायाधीशापुढे, म्हणजे किरकोळ रकमांचे तंटे ऐकणाऱ्या सर्वांत खालच्या दिवाणी न्यायालयापुढे, दाखल केले. युरोपीय न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केलाच, शिवाय भरपाईत प्रत्यक्ष तोटा, बुडालेला नफा आणि व्याज या तिन्हींचा समावेश झाला पाहिजे असेही सांगितले. लहान रकमेचा दावा घराजवळच्या न्यायालयात चालू शकतो आणि तिथून निघालेला प्रश्न सर्वोच्च पातळीवर पोचू शकतो, हे या प्रकरणाने दाखवले. भारतातल्या व्यवस्थेशी तुलना करताना बितोंतोचे नाव वारंवार आठवावे लागते.

विद्यापीठांतला वाद मुख्यतः हेतूबद्दल राहिला आहे. क्लिफर्ड जोन्स यांनी खासगी दाव्यांची बाजू हिरीरीने मांडली, तर युरोपीय आयोगात काम केलेले वाउटर विल्स यांनी २००३ मध्ये असे प्रतिपादन केले की संगनमताला धाक बसवण्याचे काम सरकारी दंड अधिक नेमकेपणाने आणि कमी खर्चात करतो, म्हणून खासगी दाव्यांना उत्तेजन देण्याची गरज नाही. धाक हाच एकमेव हेतू मानला, तर विल्स यांचा युक्तिवाद खोडणे कठीण आहे. तथापि तो हेतू पुरा मानणे म्हणजे नुकसान सोसणाऱ्याला कायद्याच्या बाहेर ठेवणे होय, आणि त्या एका कारणासाठी प्रस्तुत विवेचन जोन्स यांच्या बाजूने झुकते. ऑक्सेरा या सल्लागार संस्थेने युरोपीय आयोगासाठी २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात तपासलेल्या कार्टेलांपैकी ९३ टक्के कार्टेलांनी भाव वाढवल्याचे दिसले. २६ नोव्हेंबर २०१४ च्या युरोपीय निर्देशाने हाच अनुभव कायद्यात आणला आणि कार्टेलमुळे नुकसान होते असे गृहीतक घातले. ते झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता कंपनीवर असते. निर्देश म्हणजे सदस्य देशांनी ठरलेल्या मुदतीत आपापल्या कायद्यात उतरवावयाचा संघाचा कायदा, आणि या निर्देशाची मुदत २७ डिसेंबर २०१६ होती. दावा लावण्यास किमान पाच वर्षे, पुरावे उघड करण्याचे न्यायालयाला अधिकार, आणि नेमका आकडा सिद्ध करता आला नाही तरी न्यायाधीशाने अंदाजाने रक्कम ठरवण्याची मुभा, या त्याच्या इतर तरतुदी आहेत.

सर्वांत खोल मतभेद अप्रत्यक्ष खरेदीदाराबद्दल आहे. कारखान्याकडून थेट माल घेणारा वितरक हा प्रत्यक्ष खरेदीदार असतो. तो जादा भाव पुढच्यावर ढकलतो, पुढचा त्याच्या पुढच्यावर, आणि अखेर ज्याला ढकलण्यासाठी पुढे कोणी नसते तो अप्रत्यक्ष खरेदीदार सगळा भार सोसतो. अमेरिकेत १८९० पासून तिप्पट भरपाईची तरतूद असली, तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या ‘इलिनॉय ब्रिक’ निर्णयात केंद्रीय कायद्याखाली अप्रत्यक्ष खरेदीदाराला दार बंद केले. शिकागो परिसरातल्या काँक्रीट ब्लॉक बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्धचा तो खटला होता आणि ब्लॉक ठेकेदारांमार्फत इमारतींत पोचल्याने इलिनॉय राज्य व शेकडो स्थानिक संस्था या अप्रत्यक्ष खरेदीदार ठरल्या होत्या. साखळीच्या प्रत्येक कडीवर किती भार ढकलला गेला याचा हिशेब न्यायालयांना झेपणार नाही, ही त्यामागची भीती होती. युरोपने हीच भीती ओळखून उलट मार्ग धरला. २०१४ च्या निर्देशाप्रमाणे अप्रत्यक्ष खरेदीदाराला दावा करता येतो आणि कार्टेल होते, त्यामुळे प्रत्यक्ष खरेदीदाराला जादा भाव पडला आणि तो माल आपल्यापर्यंत पोचला, एवढे त्याने दाखवले, की भार त्याच्यावर ढकलला गेला असे मानले जाते.

याच मालिकेतला १२ डिसेंबर २०१९ चा ओटिस निर्णय घरकुलांच्या संदर्भात बारकाईने वाचण्याजोगा आहे. ऑस्ट्रियातल्या लिफ्ट कंपन्यांच्या संगनमतामुळे इमारतींचा खर्च वाढला होता. अपर ऑस्ट्रिया प्रांताने एकही लिफ्ट खरेदी केली नव्हती, परंतु बांधकामखर्चाच्या ठरावीक टक्क्यांइतकी सवलतीची कर्जे तो प्रांत देत असल्याने खर्च फुगला तशी कर्जेही फुगली, आणि त्या जादा रकमेवरचे जे उत्पन्न अन्यत्र मिळाले असते ते बुडाले. युरोपीय न्यायालयाने त्यालाही भरपाई मागण्याचा हक्क असल्याचे सांगितले. भारतातल्या घरकुलाचे अनुदान मात्र टक्केवारीने ठरत नाही. इंदिरा आवासची रक्कम ठोक होती आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतली सपाट प्रदेशासाठीची १ लाख २० हजारांची मूळ रक्कमही ठोकच आहे. त्यामुळे सिमेंटचा भाव कृत्रिमपणे चढला, तर सरकारी तिजोरीचे काहीच जात नाही आणि सगळी वाढ लाभार्थी कुटुंब उसनवारीने किंवा घर अर्धवट ठेवून भरून काढते. ऑस्ट्रियात ज्या नुकसानीचा काही वाटा सरकारने उचलला, ती इथे संपूर्णपणे वाडीवर पडते. घरकुलाचे अनुदान देणाऱ्या यंत्रणेला कार्टेलविरुद्ध उभे राहण्याचे आर्थिक कारणच उरत नाही, ही या रचनेची गंभीर उणीव आहे.

भारतात भरपाईची कल्पना नवी नाही. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायद्यात १९८४ मध्ये कलम १२ ब घालून ती आली आणि तिथून ५३ एन मध्ये उतरली. या कलमाची भाषा उदार आहे, कारण ती प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष खरेदीदार असा भेद करीत नाही आणि समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने थोड्यांना अर्ज करू देते. अडचण वाटेत आहे. आयोगाने किंवा न्यायाधिकरणाने भंग झाल्याचे आधी ठरवल्याशिवाय अर्ज चालत नाही, कलम ६१ मुळे दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद आहे, आणि अर्ज करावयाचा तो नवी दिल्लीतल्या न्यायाधिकरणाकडे. राष्ट्रीय शेअर बाजाराने चलन-वायद्यांच्या बाजारात वर्चस्वाचा गैरवापर केल्याचा निष्कर्ष काढून आयोगाने २०११ मध्ये ५५.५ कोटींचा दंड केल्यावर मुंबईतल्याच एमसीएक्स-एसएक्स या प्रतिस्पर्धी बाजाराने सुमारे ८५६ कोटींची भरपाई मागितली. एवढ्या रकमेच्या दावेदाराला दिल्लीचे अंतर जाणवत नाही. १,२०० रुपयांसाठी ठाकुरवाडीतून कर्जत, कर्जतहून मुंबई आणि तिथून दिल्ली हा प्रवास कोणी करणार नाही, आणि म्हणूनच बितोंतोसारखे जवळचे न्यायालय ही इथली पहिली गरज आहे. २०२३ च्या दुरुस्तीने तडजोडीच्या आदेशानंतरही भरपाई मागण्याची सोय केली, पण न्यायालयाचे ठिकाण जिथल्या तिथे राहिले.

या कायद्याची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. वाडीला एकच दुकान असले आणि त्याचा भाव चढा असला, तर ते कार्टेल ठरत नाही. पावसाळ्यात धान्य देऊन सुगीला दीडपट किंवा दुपटीने परत घेणारी वाढीदिढी हीसुद्धा कार्टेल नव्हे. अशा एकहाती पिळवणुकीला या मुलखाने आपली उत्तरे शोधली आहेत. माथेरानचे भाई कोतवाल यांनी स्वातंत्र्यपूर्व काळात सावकारी पाशातून शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी धान्यकोठारे सुरू केली, आणि कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँका चालवल्या. राज्य शासनाने १९७६ च्या आदिवासी आर्थिक स्थिती सुधारणा कायद्याने तर खासगी व्यापाऱ्याला बाजूला सारून एकाधिकार खरेदीचा, म्हणजे स्पर्धा कायद्याच्या अगदी विरुद्ध दिशेचा, मार्ग पत्करला. एकेकट्याला न पेलणारे नुकसान वाडीने मिळून पेलण्याचा अनुभव इथे आहे, आणि सामूहिक दाव्याची कायदेशीर कल्पना या लोकांना परकी वाटण्याचे कारण नाही.

राहतो तो पुराव्याचा प्रश्न. युरोपात मालवाहू ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांना १९९७ ते २०११ या काळातल्या संगनमताबद्दल १९ जुलै २०१६ रोजी सुमारे २.९३ अब्ज युरो दंड झाला, त्यानंतर स्पेनमधल्या छोट्या वाहतूकदारांनीही मोठ्या संख्येने दावे लावले, आणि दाव्याची मुदत कधीपासून मोजायची हा वाद २२ जून २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने मिटवला. निर्णयाचा सारांश संघाच्या राजपत्रात छापून येईपर्यंत सामान्य दावेदाराला नुकसानीची पुरेशी माहिती होती असे धरता येत नाही, असे त्या न्यायालयाने मानले. राजपत्रातली ती नोंद स्पेनमधल्या वाहतूकदाराच्या वकिलाच्या नजरेला पडते. दिल्लीतल्या आयोगाचा इंग्रजी आदेश वाडीपर्यंत आपोआप पोचत नाही. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, त्यामुळे तालुका विधी सेवा समितीने असे आदेश मराठीत सांगण्याचे काम अंगावर घेतले, तर माहितीची ही दरी पुष्कळ अंशी बुजेल. ट्रकमालकाकडे खरेदीचे कागद असतात, तर वाडीत सिमेंट बहुधा उधारीवर किंवा कच्च्या पावतीवर येते. पण घरकुलाच्या बाबतीत खरेदीदाराकडे पावती नसली, तरी सरकारकडे नोंद असते. कोणत्या कुटुंबाला कोणत्या वर्षी घर मंजूर झाले, जोत्यापर्यंत काम आल्यावर कोणता हप्ता सुटला आणि घर कधी पुरे झाले, हे पंचायत समितीच्या दप्तरात असते. तेवढ्या क्षेत्रफळाच्या घराला किती गोण्या लागतात हे कोणताही कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रकावरून सांगू शकतो. युरोपीय निर्देशाने न्यायाधीशाला दिलेला अंदाजाचा अधिकार भारतीय न्यायाधिकरणाने स्वीकारला, तर कर्जत आणि खालापूरच्या पंचायत समित्यांतली ही घरकुलांची नोंद पावतीच्या जागी उभी राहू शकते, आणि ती तशी वापरावयाची असेल तर जुनी दप्तरे नष्ट होण्यापूर्वी त्यांची प्रत काढून ठेवावी लागेल.